अफवेला बातमीचा मान कशाला?

अफवेवर घ्या, बातमीवर विका, हा सल्ला शेअर बाजारात जुनाच आहे. चिप कंपन्यांच्या शेअरनी गेल्या काही वर्षांत जी मजल मारली, तिच्यामुळे त्याला नवं तेज आलं आहे. चिपच्या धंद्यात म्हणे खरी कमाई पुरवठा करार जाहीर होण्याच्या आधी असते. कोण कोणाला चिप पुरवणार याची कुणकुण लागली की घ्यायचं, कंपनीचं पत्रक आलं की विकून मोकळं व्हायचं. पत्रकाची वाट पाहणं म्हणजे वरातीमागून घोडं. हा सल्ला देणारे वर एक भावनिक जोडही देतात: बड्या फंडांना सगळं आधीच कळतं, मग सामान्य माणसाकडे दुसरा मार्ग कोणता? अफवा हीच त्याची आतली बातमी.

हे म्हणणारी माणसं वेडगळ नाहीत. त्यांच्यातल्या काहींनी पैसेही कमावले आहेत, म्हणूनच त्यांचं म्हणणं तपासून पाहायला हवं. अफवा खोट्या असतात, सबब दूर राहा, असा गुळगुळीत उपदेश मी करणार नाही. बऱ्याच अफवा खऱ्या निघतात. माझा आक्षेप त्याहून पुढचा आहे. चिप पुरवठ्याची अफवा खरी निघाली तरी तिच्यावर शेअर घेणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो, आणि त्याची कारणं या धंद्याच्या पोटातच आहेत.

सॅमसंगचं उदाहरण घेऊ, कारण ते प्रतिपक्षाला सर्वांत सोयीचं आहे. तिथे अफवा अखेर खरी ठरली. एनव्हिडियाच्या एआय चिपला खेटून एक खास मेमरी बसवलेली असते, तिला एचबीएम म्हणतात. डीरॅम या मेमरी चिपचे कागदासारखे पातळ थर एकावर एक रचायचे, त्यांना आरपार भोकं पाडून जोडायचं, आणि हा आठ किंवा बारा थरांचा मनोरा तापून बिघडणार नाही याची खात्री करायची. मार्च २०२४ मध्ये कोरियाच्याच एसके हायनिक्सने या मेमरीच्या एचबीएम३ई पिढीचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्याचं रीतसर जाहीर केलं. सॅमसंग मागे पडली होती. त्याच महिन्यात एनव्हिडियाच्या परिषदेत त्या कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग सॅमसंगच्या दालनात आले आणि तिथल्या नमुन्यावर ‘जेन्सन अप्रूव्ह्ड’ असं लिहून सही करून गेले. बाजाराला तेवढं पुरलं. सॅमसंगला एनव्हिडियाची ऑर्डर मिळणार, आज मिळणार, उद्या मिळणार, हा खेळ तिथून सुरू झाला.

मे महिन्याच्या २४ तारखेला रॉयटर्सने बातमी दिली की उष्णता आणि विजेचा वापर या मुद्द्यांवर सॅमसंगची मेमरी एनव्हिडियाच्या चाचणीत अडकली आहे. शेअर तीन टक्क्यांच्या आसपास पडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तैपेईला हुआंग म्हणाले, तसं काही नाही, अजून काम बाकी आहे, धीर धरा. शेअर वर. ऑगस्टच्या ७ तारखेला पुन्हा रॉयटर्स: आठ थरांची मेमरी चाचणीत उतरली, करार लवकरच. शेअर पुन्हा वर. त्या दिवशी स्वतः सॅमसंग मात्र सांगत होती की चाचण्या चालू आहेत. म्हणजे विद्यार्थी म्हणतोय पेपर अजून संपलेला नाही, आणि गावात पेढे वाटून झाले.

आता भाव पाहा. जुलै २०२४ मध्ये हा शेअर ८८,००० वोनच्या आसपास होता. ऑक्टोबरमध्ये निराशाजनक निकालांबद्दल कंपनीच्या वरिष्ठांनी जाहीर माफी मागितली. १४ नोव्हेंबरला शेअर ४९,९०० वोनवर बंद झाला. ज्याने ऑगस्टची बातमी खरी मानून घेतलं, त्याची दिशा चूक नव्हती, बातमीदारही खोटारडा नव्हता. तरीही तीन महिन्यांत त्याच्या पैशाचा मोठा लचका तुटला. बारा थरांच्या मेमरीला एनव्हिडियाने हिरवा कंदील दाखवल्याच्या बातम्या आल्या सप्टेंबर २०२५ मध्ये. पुढच्या महिन्यात शेअरने एक लाख वोन ओलांडले, हेही खरं. पण तोवर सगळ्याच मेमरीचे भाव तापले होते, आणि तोवर थांबलेला माणूस अफवेवर खेळणारा नव्हता. तो गुंतवणूकदार होता. त्याच्याशी माझं भांडण नाही.

असं का होतं? चिपचा पुरवठा हा लासलगावच्या कांद्याच्या लिलावासारखा एका सकाळी तुटणारा सौदा नसतो. आधी नमुने जातात. मग गिऱ्हाईक ते महिनोन्‌महिने तापवून, ताणून बघतं. मग थोडा माल. मग यील्डचा प्रश्न, म्हणजे शंभर चिपमागे चांगल्या किती उतरतात. त्यावर दर ठरतो, दरावर प्रमाण ठरतं. सिलिकॉनची चकती कारखान्यात शिरल्यापासून तयार चिप बाहेर यायला तीन महिने आणि वर लागतात, तेव्हा आज सही झाली तरी पैसा पुढच्या कुठल्यातरी तिमाहीत दिसणार. अफवा या लांबलचक साखळीतली एकच कडी सांगते, ‘मिळालं’. काय भावाने, किती, कधीपासून, ऑर्डर रद्द झाली तर भुर्दंड कोणावर, यातलं ती काहीच सांगत नाही. शेअरची किंमत मात्र नेमकी याच गोष्टींवर ठरते.

भावाचा मुद्दा किती मोठा असू शकतो, हे ६ ऑक्टोबर २०२५ ला दिसलं. एएमडीने ओपनएआयला सहा गिगावॉट क्षमतेच्या चिप पुरवण्याचा करार जाहीर केला आणि शेअर एका दिवसात सुमारे २४ टक्के चढला. मथळा एवढाच. आत वाचलं तर दिसतं की माल विकणाऱ्या एएमडीने गिऱ्हाइकाला आपले १६ कोटींपर्यंत शेअर जवळजवळ फुकट, एका सेंटला एक या दराने घेण्याचा हक्क दिला आहे. टप्प्याटप्प्याने, अटींवर, शेवटचा टप्पा एएमडीचा शेअर ६०० डॉलरला पोचण्याशी बांधलेला. हा व्यवहार चांगला की वाईट यावर जाणत्यांत दुमत आहे. पण ‘एएमडीला ओपनएआय मिळालं’ एवढंच कोणी आदल्या आठवड्यात तुमच्या कानात सांगितलं असतं, तर तुम्हाला खरोखर काय कळलं असतं?

आणि इथे प्रतिपक्षाची दुसरी पंचाईत आहे. हा करार बहुतेकांसाठी अचानक आला. १८ सप्टेंबर २०२५ ला एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याचं जाहीर केलं, इंटेलचा शेअर त्या दिवशी २० टक्क्यांहून जास्त उसळला, आणि तेही बहुतेकांसाठी अचानक. मोठी उडी बातमीच्या दिवशी पडली. बातमीच्या आधी घेण्याजोगी अफवाच बाजारात नव्हती. याच इंटेलबद्दल ज्या अफवा होत्या, त्यांचं काय झालं ते बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये वृत्त आलं की तैवानची टीएसएमसी आणि अमेरिकेची ब्रॉडकॉम इंटेलचे तुकडे वाटून घेण्याच्या विचारात आहेत. १८ फेब्रुवारीला शेअर १६ टक्के वाढून २७ डॉलरच्या वर बंद झाला. एप्रिलमध्ये टीएसएमसीशी भागीदारीचं नवं वृत्त आलं. १७ एप्रिलला टीएसएमसीचे प्रमुख सी. सी. वेई यांनी अशी कसलीही बोलणी चालू नसल्याचं निकालानंतरच्या सभेत सांगून टाकलं. दरम्यान शेअर २० डॉलरच्या खाली जाऊन आला होता. कोणी म्हणेल, सप्टेंबरपर्यंत थांबला असता तर फायदाच झाला असता. असता, पण अफवा टीएसएमसीची होती आणि पैसा दिला एनव्हिडियाने, तोही २३.२८ डॉलर भावाने, म्हणजे फेब्रुवारीत अफवेवर घेणाऱ्याने मोजले त्याहून कमी. चुकीच्या कारणासाठी घेतलेला शेअर योगायोगाने वर गेला, एवढ्यावरून पद्धत बरोबर ठरत नाही.

मला यातून एक आडाखा बांधावासा वाटतो. तो माझा आहे, पटला तर घ्या. जो करार खरोखर पक्का होत आलेला असतो, त्याभोवती गुप्ततेच्या करारांची कुंपणं असतात आणि वकिलांची फौज असते; त्यातून सहसा काही गळत नाही. गळतं ते जिथे घासाघीस अजून चालू आहे तिथून, आणि बहुधा कोणालातरी ते गळायला हवं असतं. दुसरा पुरवठादार दारात उभा आहे अशी पुडी सुटली की पहिल्या पुरवठादाराला दर खाली आणावा लागतो. विकत घेणारा उत्सुक आहे अशी पुडी सुटली की तुकडे करून विकायला काढलेल्या विभागाला भाव येतो. वाचणाऱ्याला वाटतं आपल्याला वाटाघाटींची बातमी मिळाली. प्रत्यक्षात ती पुडी हाच वाटाघाटींचा एक भाग असतो, आणि वाचणाऱ्याचे पैसे त्यात फुकट वापरले जातात.

‘बड्यांना आधी कळतं’ हे मात्र खरं. कसं कळतं याचा पुरावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात नोंदलेला आहे. २००६ मध्ये एएमडी कॅनडाची एटीआय ही कंपनी विकत घेणार होती. एएमडीला सल्ला देणाऱ्या मॅकिन्झीतले अनिल कुमार यांनी ही माहिती गॅलियन फंडाच्या राज राजरत्नम यांना पुरवली. राजरत्नम यांनी पैसा कमावला आणि २०११ मध्ये त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली. आता सामान्य माणसापर्यंत पोचणारी कानगोष्ट घ्या. ती खरोखर आतली असेल तर तिच्यावर व्यवहार करणं गुन्हा आहे. आतली नसेल तर ती शेकडो हातांतून फिरून, ज्यांना घ्यायचं होतं त्यांचं घेऊन झाल्यावर आपल्यापर्यंत आली आहे. गरिबाची आतली बातमी नावाची तिसरी चीज अस्तित्वात नाही.

बड्यांची कायदेशीर माहिती कुठून येते, हेही पाहण्यासारखं आहे, कारण तिच्यातली बरीचशी उघड्यावर पडलेली असते. तैवानच्या सूचिबद्ध कंपन्यांना मागच्या महिन्याची विक्री दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जाहीर करावी लागते. टीएसएमसीचे आकडे त्यात येतात. दक्षिण कोरियाचं सीमाशुल्क खातं महिन्याच्या पहिल्या दहा आणि वीस दिवसांची निर्यात जाहीर करतं, त्यात सेमीकंडक्टरचा वेगळा आकडा असतो. एसके हायनिक्सच्या मार्च २०२४ च्या पत्रकात एचबीएम३ईची रवानगी त्याच महिनाअखेर सुरू होणार असल्याचं लिहिलेलं होतं. ज्याने ते वाचलं त्याला सॅमसंगच्या अफवांची गरज नव्हती. पण हे आकडे रुक्ष असतात, त्यांच्यात थरार नाही आणि कोणी ते रात्री फोन करून सांगत नाही.

कोणी म्हणेल, अफवा फसली तरी ठरलेल्या भावाला आपोआप विकणारा स्टॉप लॉस आहे ना. त्याबद्दल दोनच वाक्यं. अफवेचं खंडन बहुधा बाजार बंद असताना येतं आणि सकाळी भाव थेट खाली उघडतो, तेव्हा तुमचा स्टॉप लॉस तुम्ही ठरवलेल्या भावाला सुटत नाही. लोअर सर्किट लागलेल्या, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा गाठलेल्या, छोट्या शेअरमध्ये तर तो सुटतच नाही, कारण समोर घेणारा कोणी नसतो.

आता आपल्या अंगणात येऊ. इथे सगळं अधिक उघडंवाघडं आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्रात रान पेटलं. कोणाच्या सरकारने तो घालवला यावर महिनाभर तोंडाला फेस येईस्तोवर वाद झाले. त्याच आठवड्यात वेदांता लिमिटेडचा शेअर उसळला. मग कंपनीचा खुलासा आला: हा प्रकल्प वेदांता लिमिटेडचा नाहीच, प्रवर्तकांच्या व्होल्कन इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीमार्फत तो होणार आहे. शेअर खाली आला. म्हणजे प्रकल्प खरा धरला, करार खरा धरला, तरी लोकांनी घेतलेल्या शेअरचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. जून २०२३ मध्ये बाजार नियामक सेबीने फॉक्सकॉनशी भागीदारी या कंपनीचीच आहे असा समज करून देणाऱ्या पत्रकाबद्दल वेदांताला ३० लाखांचा दंड केला. पुढच्याच महिन्यात, १० जुलैला, फॉक्सकॉन प्रकल्पातून बाहेर पडली. तळेगाव की गुजरात या भांडणात आपण इतके रमलो होतो की नक्की कोणती कंपनी कारखाना काढणार आहे हे विचारायचंच राहून गेलं. बाजारात तुरी, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने पनवेलजवळ तळोज्याला इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं तोच अदानी समूहाने ती बोलणी थांबवल्याचं वृत्त आलं. याच टॉवरला इंटेल ५.४ अब्ज डॉलरना विकत घेणार होती. तो सही झालेला करार दीड वर्ष लोंबकळून ऑगस्ट २०२३ मध्ये मोडला, कारण चीनच्या नियामकांची परवानगी वेळेत आली नाही. सही झालेल्या कागदाची ही गत असेल, तर सामंजस्य कराराची आणि त्याच्याही आधीच्या कुजबुजीची काय किंमत करायची?

देशात चिपची लाट खरी आहे, हे मी नाकारत नाही. साणंदला मायक्रॉन आहे, सीजी पॉवर आहे, केन्स आहे. धोलेऱ्याला तैवानच्या पीएसएमसीच्या सहकार्याने टाटा इलेक्ट्रॉनिक्सचा ९१,००० कोटींचा कारखाना मंजूर झाला आहे. पण टाटा इलेक्ट्रॉनिक्स शेअर बाजारात नोंदलेली नाही, आणि मायक्रॉनचा शेअर मिळतो अमेरिकेत. म्हणजे उत्साह अमाप आणि त्या उत्साहाला घ्यायला खरा शेअर मोजकाच. मागणी अशी अडून राहिली की नावाचा माल निघतो.

आरआरपी सेमीकंडक्टर ही आपल्या महाराष्ट्रातली कंपनी. पूर्वी तिचं नाव जी डी ट्रेडिंग अँड एजन्सीज होतं. डिसेंबर २०२५ च्या मध्यापर्यंतच्या सुमारे वीस महिन्यांत तिचा शेअर ५५,००० टक्क्यांच्या घरात वाढला. पूर्णवेळ कर्मचारी दोन. बहुतांश शेअर मोजक्या हातांत. समाजमाध्यमांवर एका विख्यात क्रिकेटपटूचं नाव तिच्याशी जोडलं जात होतं. मग कंपनीनेच बीएसईला कळवलं की आपण सेमीकंडक्टरचं कसलंही उत्पादन अद्याप सुरू केलेलं नाही, कोणत्याही सरकारी योजनेत अर्ज केलेला नाही आणि कोणा नामवंताशी आपला संबंध नाही. बीएसईने तिचा व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसावर आणला.

इथे प्रतिपक्षाचं शेवटचं हत्यार निघतं: नियामक आहे ना. आहे. बाजारमूल्यात पहिल्या शंभर कंपन्यांना जून २०२४ पासून आणि पहिल्या अडीचशेंना त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून, अफवेने भाव ठळकपणे हलला तर २४ तासांच्या आत तिला दुजोरा देणं, ती नाकारणं किंवा खुलासा करणं बंधनकारक आहे. नियम चांगला आहे, पण ज्या गल्लीत पुड्या सर्वांत जास्त सुटतात त्या गल्लीत तो जातच नाही. छोट्या कंपन्या त्याच्या बाहेर आहेत. दुसरा नियम नावाबद्दलचा. नव्या धंद्याचं नाव पाटीवर लावायचं तर मागच्या वर्षीचं निम्मं उत्पन्न किंवा निम्मी मालमत्ता त्या धंद्यातली हवी, असं सेबीची नियमावली सांगते. मग चिप बनवायला सुरुवातही न केलेल्या कंपनीच्या पाटीवर सेमीकंडक्टर कसं आलं, हे भागधारकाने एक्स्चेंजला विचारायला नको का?

सेबीच्याच २०२४ मधल्या अभ्यासानुसार रोख बाजारात दिवसभराचे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना २०२२-२३ या आर्थिक वर्षात तोटा झाला. त्यातले किती चिपच्या अफवेवर खेळत होते हे या आकड्यातून निघत नाही, आणि मी तो त्यासाठी देतही नाही. बातमी असो वा अफवा, झटपट सौद्यात मुळातच पारडं कुठे झुकलेलं आहे, एवढं त्यातून कळतं. अफवेवर घेणारा आधीच झुकलेल्या त्या पारड्यात स्वतःच्या हाताने आणखी वजन टाकतो.

माझी मागणी साधी आहे. अफवेचा खुलासा करण्याचा नियम बाजारमूल्यावर न थांबवता, ज्या कंपनीचा भाव काही महिन्यांत अनेक पट झाला आहे अशा प्रत्येक कंपनीला सेबीने तो लावावा. चिप प्रकल्पाचं पत्रक काढणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून तीन गोष्टी पहिल्याच ओळीत लिहून घ्याव्यात: करार कोणत्या कंपनीने केला, तो बंधनकारक आहे की नाही, आणि पैसा कोण घालणार. हे होईल तेव्हा होईल. तोवर कोणी चिपच्या कराराची पुडी घेऊन आला, तर त्याला हेच तीन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत खरेदीचं बटण दाबू नका.